कळलावी : एका रानफुलाची ओळख

माणसाचे नाव आईवडील ठेवतात, आणि ते त्याच्या गुणांना शोभेलच असे नाही. वनस्पतींची नावे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून पडलेली असतात. लाजाळू स्पर्श होताच पाने मिटते, खाजकुइली अंगाला लागली की खाज सुटते, घाणेरीची पाने चुरगाळली की वास येतो. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी वनस्पतीशास्त्राचे एकही पुस्तक वाचले नव्हते. पण पुढच्या माणसाला जे कळायला हवे ते त्यांनी नावातच घालून ठेवले. अशाच एका नावाचा आणि ते नाव धारण करणाऱ्या रानफुलाचा परिचय करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. ते फूल म्हणजे कळलावी.

मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. माझा विषय मराठी. वनस्पतीशास्त्राशी माझा संबंध शालेय पुस्तकापुरता. तेव्हा कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हिने फुलांवर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. माझे उत्तर इतकेच की, आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पुस्तकातले ज्ञान आमच्या घरी माझ्याबरोबर आले; त्याआधी घरात जे ज्ञान होते ते बोलीत होते, शब्दांत होते, नावांत होते. आमचे गाव कोयनेच्या खोऱ्यात आहे आणि कळलावी तिथे बांधाबांधावर फुलते. एकाच वनस्पतीविषयी घरातले शब्द काय सांगतात आणि ग्रंथालयातली पुस्तके काय सांगतात, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे असे मला वाटले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडते.

नावांचा परिवार

‘कळ’ या शब्दाचा पहिला अर्थ वेदना. पोटात कळ येते, दाढेतून कळ निघते. बाळंतपणाच्या वेणांनाही आमच्याकडे ‘कळा’ म्हणतात. त्या कळा लावणारी, म्हणजे सुरू करणारी, ती कळलावी. दुसरा अर्थ भांडणाचा. इकडचे तिकडे सांगून दोघांत वितुष्ट आणणाऱ्या माणसाला आपण ‘कळलाव्या’ म्हणतो. हे फूल घरात आणले तर घरात भांडणे होतात, असा समज खेड्यापाड्यांत सर्वत्र आढळतो. लहानपणी मी एकदा ती फुले तोडायला गेले, तेव्हा आज्जीने ओरडून सांगितले होते, “पोरी, त्याला हात लावू नगंस. घरात आणलंस तर सासू-सुनंचं वाजतंय.” हिंदीत या वनस्पतीला कलिहारी म्हणतात. त्यातही ‘कलि’ आहे, आणि कलि म्हणजे कलह हे आपण जाणतोच.

संस्कृतात तिला अनेक नावे आहेत. ज्वाळेसारख्या पाकळ्यांमुळे अग्निशिखा आणि वह्निवक्त्रा. इंद्राचे फूल म्हणून शक्रपुष्पी. शल्य बाहेर काढणारी म्हणून विशल्या. आणि गर्भावरील परिणामामुळे गर्भपातिनी. आयुर्वेदात अधिक रूढ असलेले नाव मात्र लांगली. लांगल म्हणजे नांगर. आपला ‘नांगर’ हा शब्दही त्या ‘लांगल’पासूनच आला. या वनस्पतीचा कंद जमिनीखाली नांगरासारखा कोन करून वाढतो, म्हणून ती लांगली. गंमत अशी की तमिळ भाषेतही तिचे एक नाव ‘कलप्पै किळंगु’ असे आहे आणि त्याचा अर्थ ‘नांगरकंद’ असाच होतो. तमिळमधले दुसरे नाव ‘कण्‌वलि किळंगु’, म्हणजे डोळेदुखीचा कंद. दोन भिन्न कुळांतल्या भाषांनी एकाच कंदात नांगरही पाहिला आणि वेदनाही पाहिली, हे भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे.

मराठीत हिला खड्यानाग असेही म्हणतात, आणि गुजरातीत ‘दूधियो वछनाग’. या दोन्ही नावांत ‘नाग’ आहे, आणि त्यामुळे एक घोटाळा होतो. खरा बचनाग ही हिमालयात होणारी अगदी वेगळ्या कुळातली विषारी वनस्पती आहे. पण बाजारात बचनागाच्या जागी कळलावीचे कंद खपवले गेल्याची उदाहरणे औषधीशास्त्रात नोंदलेली आहेत. तेव्हा नाव ऐकून औषध विकत घेणाऱ्याने सावध असावे.

शास्त्रीय जगात तिचे नाव ग्लोरिओसा सुपर्बा. हे नाव स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ साली दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ साधारणपणे ‘वैभवशाली आणि दिमाखदार’ असा होतो. त्या पंडितांनी फुलाचा दिमाख पाहिला, आमच्या आयाबायांनी त्याची कळ ओळखली. दोन्ही नावे खरीच आहेत.

रूप आणि रचना

कळलावी ही वेल आहे, पण तिला आधारासाठी वेगळे तणावे नसतात. तिच्या पानांची टोकेच लांबून स्प्रिंगसारखी गुंडाळतात आणि शेजारच्या झुडपाला, कुंपणाच्या काठीला, बांधावरच्या गवताला धरून वर चढतात. पाने भाल्याच्या पात्यासारखी, देठाशिवाय थेट खोडाला चिकटलेली. कुंपणाचा आधार मिळाला तर वेल माणसाच्या उंचीच्या वर सहज जाते. तिचे वर्गीकरण पूर्वी लिलीच्या कुळात करीत. आता ती कॉल्चिकेसी या वेगळ्या कुळात गणली जाते. या बदलाचे महत्त्व पुढे येईल.

फूल पाहण्यासारखे असते. सहा पाकळ्या, कडा लाटेसारख्या मुरडलेल्या. (शास्त्रात यांना परिदले म्हणतात, कारण येथे निदल आणि पाकळी असा भेद नसतो.) फूल खाली मान घालून लोंबते, पण पाकळ्या मात्र मागे वळून वर जातात, चुलीत जाळ उसळावा तशा. उमलताना फूल हिरवट पिवळे असते, मग टोकाकडून नारिंगी होते आणि शेवटी संपूर्ण तांबडे. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी तीन-चार रंगांची फुले दिसतात, आणि नवख्या माणसाला ती वेगवेगळ्या जातींची वाटतात.

फुलाच्या मध्यभागी सहा लांब पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले असतात. खरे नवल स्त्रीकेसराचे. तो बीजकोशापासून निघताच एकदम काटकोनात वळून फुलाच्या बाहेर जातो. जणू आपल्याच पुंकेसरांपासून तो दूर सरतो. याचा परिणाम असा की फुलातले पराग त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर सहसा पडत नाहीत. फुलपाखरांनी किंवा सूर्यपक्ष्यांनी दुसऱ्या फुलाचे पराग आणून पोचवावे लागतात. पुढे फळ धरते. ते तीन कप्प्यांचे बोंड असते. वाळल्यावर तीन भागांत उकलते आणि आतून तांबड्या-केशरी गोल बिया दिसू लागतात.

जमिनीखालचा कंद बोटाएवढा जाड, दोन भुजांचा, इंग्रजी व्ही किंवा एल या अक्षरासारखा असतो. बटाट्याला जागोजाग डोळे असतात, तसे याला नसतात. प्रत्येक भुजेच्या टोकाशी एकच कोंब असतो; ते टोक मोडले की ती भुजा रुजत नाही. पावसाळा सरला की वरची वेल वाळून जाते, पण कंद जमिनीत जिवंत राहतो आणि मृगाच्या पावसावर पुन्हा कोंब वर येतो. बी पेरून वेल वाढवायची तर तिला फूल येण्यास तीन-चार पावसाळे लागतात.

सह्याद्री, कोकण, गोवा या साऱ्या पट्ट्यात कळलावी श्रावण-भाद्रपदात भरात असते, म्हणजे नेमकी गौरी-गणपतीच्या दिवसांत. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतात, तिच्यात रानातल्या फळाफुलांबरोबर हीही फुले टांगली जातात. तिथे तिला वागचबकें म्हणतात. म्हणजे एके ठिकाणी जे फूल भांडणाच्या भीतीने घरात येत नाही, ते दुसऱ्या ठिकाणी देवाच्या मस्तकावर मिरवते. दक्षिणेकडे तमिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे, आणि समुद्रापलीकडे आफ्रिकेतील झिम्बाब्वे या देशाचे राष्ट्रीय पुष्प.

आयुर्वेदात व घरगुती औषधांत

आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे. रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, धोतरा आणि अफू यांच्या पंक्तीला ती बसते. उपविष म्हणजे बचनागासारख्या महाविषाहून सौम्य, पण विषच. अशा द्रव्याला शोधन केल्याशिवाय औषधात स्थान नाही. लांगलीचे शोधन म्हणजे कंदाचे तुकडे करून ते गोमूत्रात भिजत ठेवावयाचे आणि मग वाळवावयाचे. त्यानंतरही तिचा वापर बहुतांशी बाहेरून लावण्याच्या औषधांत आढळतो. मूळव्याधीवर लावण्याच्या कासीसादि तेलात आणि निर्गुंडी तेलात लांगली असते. सूज, जुनाट व्रण, गंडमाळ, त्वचारोग यांवर तिचे लेप सांगितले आहेत.

घरगुती उपयोगांत सर्वांत प्रसिद्ध तो बाळंतपणाचा. अडलेल्या बाईच्या बेंबीवर, तळहातांवर आणि तळपायांवर कंद उगाळून लावावयाचा, म्हणजे कळा सुरू होतात व वार लवकर पडते, अशी समजूत आहे. आमच्या वाडीत पूर्वी सुईणपण करणाऱ्या एक वृद्ध बाई आहेत. सारी वाडी त्यांना आक्का म्हणते. आता बाळंतपणे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याला होतात, त्यामुळे आक्कांचे काम थांबले आहे. त्यांना मी मुद्दाम विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “लावायचं ते बेंबीला आन् तळव्याला. पोटात कंदीच न्हाई. आन् मूल भुईवर आलं की लगोलग धुवून काढायचं. ऱ्हायलं तर मागनं आतडं बी वढील.”

आधुनिक प्रसूतीशास्त्र हा लेप वापरीत नाही, आणि आज कोणी वापरावा असे मलाही सुचवावयाचे नाही. पण आक्कांच्या त्या तीन वाक्यांत औषधाची जागा आहे, वर्ज्य काय ते आहे, आणि किती वेळ ठेवावे तेही आहे. ज्याला ग्रंथ उपविष म्हणतात, त्यालाच आक्का ‘पोटात कंदीच न्हाई’ म्हणतात. अक्षराची ओळख नसलेल्या बाईने ग्रंथातला नियम तोंडाने सांभाळला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

विंचू किंवा साप चावल्यावरही हा कंद उगाळून लावण्याची चाल आहे. येथे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. सर्पदंशावर उपाय एकच, तो म्हणजे प्रतिसर्पविषाची लस, आणि ती दवाखान्यातच मिळते. कंद उगाळण्यात गेलेला वेळ रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो.

जे नाव पोचले नाही

हा नियम मोडला तर काय होते, ते आमच्या गावाने पाहिले आहे. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखात बांधबंदिस्तीच्या कामावर दुष्काळी भागातून काही कुटुंबे आली होती. त्यांतल्या एका तरुणाला बांध खणताना पांढरट, बोटाएवढे कंद सापडले. वैशाखाचे दिवस, वर ना वेल ना फूल, ओळखायचे कशावरून? त्याच्या मुलखात ही वनस्पती पाहिलेली नव्हती. रताळी भाजावीत तसे त्याने ते रात्री आरावर भाजले. कडू लागले म्हणून बायकोने टाकून दिले, मुलांना दिले नाहीत. त्याने मात्र भुकेपोटी खाल्ले.

पहाटेपासून त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. घशाची आग होऊ लागली. लोकांना पटकी वाटली. उरलेला एक तुकडा आक्कांनी पाहिला आणि त्यांनीच कंद ओळखला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्याला तालुक्याला, तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. दहा-बारा दिवस तो तिथे होता. वाचला. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस मूठमूठ गळत होते, आणि थोड्याच दिवसांत डोके पार उघडे पडले. बायका कुजबुजू लागल्या की बांधावरच्या देवीचा कोप झाला. पुढे काही महिन्यांनी त्याला पुन्हा केस आले असे कळले, पण तोवर देवीला नारळ फोडून झाले होते.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. त्या उघड्या डोक्याचा अर्थ मला यंदा महाविद्यालयात कळला.

केस का गळले?

कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कॉल्चिसीन नावाचे द्रव्य असते. युरोपात कॉल्चिकम नावाचे एक शरद ऋतूत फुलणारे रोप आहे. त्यावरून हे नाव पडले. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि कावेंतू या दोघा शास्त्रज्ञांनी ते कॉल्चिकमपासून वेगळे काढले. हिवतापावरील क्विनीन वेगळे काढणारेही हेच दोघे, आणि तेही त्याच वर्षी. आपली कळलावी या कॉल्चिकमची नातलग. म्हणूनच तिला लिलीच्या कुळातून काढून कॉल्चिकेसी कुळात बसवले ते योग्यच झाले. रूपाने दूर असलेल्या या दोघी विषाने सख्ख्या आहेत.

हे द्रव्य करते तरी काय? माझी एक मैत्रीण शास्त्र शाखेला आहे. तिच्या प्राध्यापकांच्या परवानगीने मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाचे टोक पाहिले. मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. एकीच्या दोन होतात, दोहोंच्या चार. विभागणीच्या वेळी पेशीत बारीक धाग्यांची एक रचना तयार होते. हे धागे गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात आणि मधोमध पेशी दुभंगते. सरांनी मग दुसरी काच ठेवली. ते मूळ काही तास कॉल्चिसीनच्या द्रावणात ठेवलेले होते. त्यात गुणसूत्रे होती, पण धागे नव्हते. ओढून नेणारे कोणी नाही म्हणून सारी गुणसूत्रे मध्येच खोळंबून पडली होती.

कॉल्चिसीन विषारी का, याचे बरेचसे उत्तर त्या काचेवर होते. शरीरात जिथे पेशी सर्वांत वेगाने विभागतात तिथे हे विष प्रथम घाव घालते. आतड्याच्या आतले अस्तर रोज नवे होत असते, म्हणून आधी उलट्या आणि जुलाब. हाडांतल्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात, म्हणून पुढच्या काही दिवसांत रक्त दुबळे होते आणि साध्या जंतूंशीही झुंजता येत नाही. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांवर परिणाम झाला तर मृत्यू ओढवतो. यातून जो तरतो त्याचे केस एक-दोन आठवड्यांनी गळतात, कारण केसांच्या मुळाशीही हीच वेगवान विभागणी चालू असते. विष ओसरले की केस पुन्हा येतात. देवीचा त्यात काही संबंध नव्हता. भाजूनही विष गेले नाही, कारण कॉल्चिसीन चुलीच्या उष्णतेने नष्ट होत नाही. सर्रास वापरता येईल असा उतारा त्यावर आजही नाही. वेळेवर दवाखाना आणि तिथली शुश्रूषा हाच काय तो आधार.

तेच द्रव्य औषधही

गाऊट नावाच्या विकारात सांध्यांत युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक साचतात. त्यांच्यावर पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि सांधा सुजून लाल होतो. पांढऱ्या पेशींना धावण्यासाठीही तेच धागे लागतात. अल्प कॉल्चिसीनने त्यांची धाव मंदावते आणि सूज उतरते. २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कमी करण्यासाठीही अल्प मात्रेतल्या कॉल्चिसीनला मान्यता दिली. कळलावीच्या बियांपासून मिळणाऱ्या कॉल्चिकोसाइडपासून स्नायूंचा ताठरपणा घालवणारे थायोकॉल्चिकोसाइड हे औषध तयार होते. कंबर धरली म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या अनेकांनी ते नकळत घेतले असेल.

शेतीशास्त्रालाही हे द्रव्य उपयोगी पडले. गुणसूत्रे दुप्पट होऊनही पेशी दुभंगली नाही, तर दुप्पट गुणसूत्रांची पेशी तयार होते. १९३७ साली ब्लेकस्ली आणि एव्हरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कॉल्चिसीन वापरून अशी झाडे तयार करता येतात हे दाखवून दिले. बिनबियांच्या कलिंगडाचा जन्म याच युक्तीतून झाला.

मग विष कोणते आणि औषध कोणते? द्रव्य एकच. गाऊटच्या गोळीत कॉल्चिसीन असते अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम, चिमूटभर म्हणावे इतक्या, शुद्ध कॉल्चिसीनपासून दोन हजार गोळ्या होतात. कारखान्यातल्या गोळीत किती औषध आहे ते मोजलेले असते. रानातल्या कंदात ते किती आहे हे कंद पाहून कोणालाही सांगता येणार नाही. जमिनीगणिक, वेलीगणिक ते बदलते. म्हणूनच सुईणीने ‘पोटात नाही’ हा साधा नियम केला. मोजण्याचे साधन हाती नसताना याहून शहाणा नियम दुसरा कोणता असू शकला असता?

उपटलेले बांध

आता एक शेवटचा मुद्दा. तमिळनाडूत दिंडिगल, करूर, तिरुप्पूर या भागांत शेतकरी कळलावीची रीतसर लागवड करतात. तारांच्या आधारावर वेली चढवतात. मघाशी सांगितले की स्त्रीकेसर काटकोनात वळलेला असतो. त्यामुळे भरपूर बी हवे असेल तर केवळ फुलपाखरांवर विसंबून चालत नाही. तिथे सकाळच्या वेळी मजूर एकेका फुलाचे पराग हाताने दुसऱ्या फुलाला लावतात. त्या बिया औषधांच्या कारखान्यांना जातात आणि परदेशीही जातात.

आमच्याकडे उलटा प्रकार आहे. बी गोळा करण्याऐवजी रानातला कंदच खणून नेतात. बी नेले तर वेल राहते. कंद नेला तर वेलही गेली आणि पुढची तीन-चार वर्षेही गेली. शिवाय बांध जेसीबीने साफ होतात, कुंपणाच्या जागी तारा येतात, गवतावर तणनाशक मारले जाते. माझ्या लहानपणी आमच्या पाणंदीला दोन्ही बाजूंनी दिसणारी ही वेल आता शोधावी लागते.

वेलीबरोबर नावही जाते, ही माझी खरी भीती आहे. आक्कांना ऐकणाऱ्या मुली आता माझ्यासारख्या तालुक्याला शिकतात. आम्हांला पुस्तकातली नावे येतात, बांधावरची येत नाहीत. पण वेल उद्या संपली तरी एखादा कंद कुठेतरी बांधात राहणारच, आणि भुकेला माणूस तो खणून काढणारच. त्या तरुणाजवळ कॉल्चिसीनचे ज्ञान नसते तरी चालले असते. ‘कळलावी’ एवढा एक शब्द आणि त्यामागची ताकीद त्याच्यापर्यंत पोचली असती तर त्याचे ते दहा-बारा दिवस टळले असते.

म्हणून माझ्या सहाध्यायांना मी तीन गोष्टी सुचवते. एक, दोन भुजांचा, टोकाशी कोंब असलेला, अंगावर डोळे नसलेला कंद सापडला तर तो कोणीही तोंडात घालू नये, आणि हे घरच्यांना, कामावर येणाऱ्या परगावच्या माणसांना आवर्जून सांगावे. कोणी खाल्लाच तर उलटी थांबण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि उरलेला तुकडा डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावा. दोन, फुले पाहावीत, हवे तर बी टिपावे, पण कंद जागचा हलवू नये. तीन, आपल्यापैकी बहुतेक जण खेड्यांतून आलो आहोत. सुटीत घरी गेल्यावर आपापल्या गावातल्या दहा-दहा वनस्पतींची नावे, त्यांचे उपयोग आणि त्यांविषयीचे नियम वडीलधाऱ्यांकडून लिहून आणावेत. मराठी विभागाने आणि शास्त्राच्या प्राध्यापकांनी मिळून ती नोंदवही तपासली तर आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक असे पुस्तक जमा होईल, जे दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

मी माझी दहा नावे लिहून काढली आहेत. त्यांत पहिले नाव अर्थातच कळलावीचे आहे, आणि त्यापुढच्या ‘नियम’ या रकान्यात आक्कांचे वाक्य मी त्यांच्याच शब्दांत ठेवले आहे : पोटात कंदीच न्हाई.